अर्काने अळी मरते, पुढे काय?

मे महिन्यात कोकणातल्या कुठल्याही वाडीत गेले, की परसदारी निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांची रांग दिसते. विहिरीने तळ गाठलेला असतो, नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येते, आणि आलेले पाणी साठवून ठेवणे हे घरातल्या बाईचे दिवसाचे पहिले काम असते. मराठवाड्यातल्या कित्येक गावांत तर हेच पाणी आठ-आठ दिवस पुरवावे लागते. अशा एखाद्या पिंपाचे झाकण जरा सरकलेले असेल आणि सकाळच्या तिरप्या उन्हात आत डोकावून पाहिले, तर पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीकडून टांगल्यासारख्या, डोके खाली करून लोंबणाऱ्या बारीक अळ्या दिसतात. आपली सावली पडली की त्या वळवळत तळाशी जातात आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला पुन्हा वर येतात, कारण शेपटीकडची ती बारीक नळी हेच त्यांचे नाक असते. या एडिस डासाच्या अळ्या. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका हे तिन्ही आजार हाच डास पसरवतो. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला तो पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात, हे अनेकांना आठवत असेल.

या अळीवर आपल्या देशातल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत गेली तीस-चाळीस वर्षे अव्याहत एकच प्रयोग चालू आहे. कडुनिंब, निर्गुडी, सीताफळ, घाणेरी, रुई, तुळस, झेंडू, करंज आणि अलीकडे समुद्रातले शेवाळ यांचा अर्क काढायचा, तो अळ्यांच्या पाण्यात घालायचा आणि चोवीस तासांनी मेलेल्या अळ्या मोजायच्या. अळ्या मरतात. निबंध छापला जातो, कधी वर्तमानपत्रात बातमीही येते, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या वनस्पतीवर तोच प्रयोग होतो. या मंडळींच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. अपुऱ्या प्रयोगशाळेत, स्वतःच्या खिशातून द्रावके विकत आणून काम करणारे अध्यापक मी पाहिले आहेत. पण अर्काने अळी मरते ही गोष्ट आता पुरेशी सिद्ध झाली आहे, आणि तीच पुन्हा पुन्हा सिद्ध करण्यावर सार्वजनिक पैसा आणि विद्यार्थ्यांची उमेद खर्च होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खरी गरज आहे ती प्रयोगशाळेतल्या पेल्यापासून पिंपापर्यंतचा आणि पिंपापासून गटारापर्यंतचा रस्ता कोणीतरी चालून दाखवण्याची. तो रस्ता कोणी खाजगी कंपनी चालणार नाही. तो शासनालाच चालावा लागेल.

मुळात अळीवरच लक्ष का द्यायचे, हे थोडक्यात सांगायला हवे. अंड्यातून बाहेर आल्यावर अळी चार वेळा कात टाकते, मग कोष होते, आणि उबदार हवेत सात ते दहा दिवसांत डास होऊन उडते. तेवढे दिवस ती एका जागी, पाण्यात अडकलेली असते. एकदा ती उडाली की तिच्यामागे धूर घेऊन धावावे लागते. धूरफवारणीची गाडी गल्लीतून गेली की लोकांना काहीतरी झाल्यासारखे वाटते, पण धुराने त्या घटकेला हवेत असलेले डासच मरतात. कपाटामागे बसलेला एडिस आणि पिंपातली उद्याची पिढी तशीच राहते. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाची चौकशी केली, तेव्हाही बोट शहरातल्या विहिरी आणि हौद यांच्याकडेच गेले होते. शंभरहून अधिक वर्षांनी मुंबईत त्यांची जागा इमारतींवरच्या टाक्यांनी आणि बांधकामाच्या स्लॅबवर साठवलेल्या पाण्याने घेतली आहे, इतकाच फरक.

आज या साठवलेल्या पाण्यात आपण मुख्यतः टेमेफॉस हे रासायनिक अळीनाशक टाकतो. आरोग्य सेवक आणि आशा सेविका घरोघरी फिरून ते टाकतात, आणि गावात त्याला ‘ॲबेट’ याच नावाने ओळखतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत ते चालते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे. त्याने बरीच वर्षे चांगले काम केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन अडचणी आता झाकता येत नाहीत. एक म्हणजे लॅटिन अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर, आणि भारतातही काही ठिकाणी, एडिसच्या अळ्या या औषधाला दाद देईनाशा झाल्या आहेत. दुसरी अडचण घरातली आहे. औषध टाकलेल्या पाण्याला वास येतो, आणि सेविकेची पाठ वळली की ते पाणी उपसून पिंप पुन्हा भरले जाते. ज्या घरात पाणी आठ दिवसांनी येते, त्या घराला ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ असे सांगणेही कठीणच. म्हणून नव्या, सुरक्षित, लोकांना पटेल अशा अळीनाशकाची गरज खरी आहे. वनस्पतींचे अर्क हा त्या गरजेवरचा एक प्रामाणिक प्रयत्न आहे, आणि तो वाया जाऊ नये म्हणूनच त्यातल्या उणिवा बोलायला हव्यात.

प्रयोगशाळेतली चाचणी कशी होते ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ठरवून दिलेल्या पद्धतीनुसार साधारण शंभर मिलिलिटर पाण्यात तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतल्या पंचवीस अळ्या सोडतात, अर्काच्या वेगवेगळ्या मात्रा देतात आणि चोवीस तासांनी मोजणी करतात. ज्या मात्रेला निम्म्या अळ्या मरतात, ती निबंधात ठळकपणे छापली जाते. निम्म्या अळ्या मारणाऱ्या औषधाचा गावाला काय उपयोग, हा प्रश्न मात्र निबंधात क्वचितच येतो. शिवाय ही त्या पद्धतीची फक्त पहिली पायरी आहे. दुसऱ्या पायरीत उघड्यावर, थोड्या पाणवठ्यांत, खऱ्या उन्हापावसात तपासणी करायची असते, आणि तिसऱ्या पायरीत मोठ्या क्षेत्रावर. आपल्याकडची बहुतेक कामे पहिल्या पायरीवर सुरू होतात आणि तिथेच संपतात. मरे आइझमन आणि मायकेल ग्रीनायझन या अभ्यासकांनी २०१४ मध्ये वनस्पतिजन्य कीटकनाशकांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. अर्कात नेमकी कोणती रसायने आहेत याची काही माहिती दिलेले निबंध त्यांना सुमारे एक तृतीयांशच आढळले, आणि तुलनेसाठी एखादे प्रस्थापित औषध वापरलेले त्याहूनही कमी. उरलेल्यांवरून दुसऱ्या कोणाला पुढचे पाऊल टाकता येणार नाही, कारण ‘निर्गुडीचा अर्क’ म्हणजे कुठल्या ऋतूत तोडलेल्या, कशा वाळवलेल्या, कोणत्या द्रावकात भिजवलेल्या पाल्याचा अर्क, हेच त्यांत नसते.

आता एक साधा हिशेब. समुद्री शेवाळाच्या एखाद्या चांगल्या अर्काने लिटरमागे पन्नास मिलिग्रॅमला निम्म्या अळ्या मरतात असे धरू. छापून येणाऱ्या आकड्यांत हा आकडा चांगलाच मानला जातो. जवळजवळ सगळ्या मारायच्या तर दीडशे मिलिग्रॅम तरी लागतील. हजार लिटरच्या एका टाकीला दीडशे ग्रॅम अर्क झाला. वाळलेल्या शेवाळातून शेकडा पाच अर्क निघतो असे मानले, तर तीन किलो वाळलेले शेवाळ हवे, आणि वाळताना सात-अष्टमांश वजन पाण्याचे जाते हे धरले, तर चोवीस किलो ओले. उन्हापाण्यात अर्काचा जोर टिकत नाही, म्हणून ही मात्रा दर आठवड्याला द्यायची. पावसाळ्याच्या सोळा आठवड्यांत एका टाकीसाठी जवळजवळ चारशे किलो ओले शेवाळ लागेल, आणि दोनशे टाक्यांच्या गावाला पाऊणशे टनांहून अधिक. त्याच हजार लिटरच्या टाकीला टेमेफॉस लागते एक ग्रॅम, म्हणजे एक टक्क्याचे दाणेदार औषध असेल तर शंभर ग्रॅम. गृहीत आकडे कोणी थोडे इकडेतिकडे केले तरी चित्र बदलत नाही. अर्क काढायला मिथेनॉल, ॲसिटोन, हेक्झेन अशी द्रावके लागतात, ती किती लागतील आणि वापरून झाल्यावर कुठे जातील, हे तर यात धरलेलेच नाही.

हा हिशेब मी समुद्री शेवाळावर मुद्दाम केला, कारण या विषयात सर्वांत आकर्षक आणि माझ्या मते सर्वांत जपून हाताळायला हवी अशी गोष्ट तीच आहे. शेवाळात कीटकांना मारणारी रसायने असावीत, यात आश्चर्य नाही. खडकाला चिकटलेल्या शेवाळाला पळून जाता येत नाही. त्यावर चरणारे मासे आणि गोगलगायी यांच्यापासून वाचायचे तर अंगात काहीतरी जहाल हवे. लॉरेन्सिया नावाच्या तांबड्या शेवाळात ब्रोमीन आणि क्लोरीन जोडलेली रेणूंची मोठी बिऱ्हाडे आहेत, आणि त्यांतले काही रेणू एडिसच्या अळ्यांना मारतात असे ब्राझीलमधल्या संशोधकांना दिसले आहे. तमिळनाडूत परंगीपेट्टई येथील सागरी जीवशास्त्र केंद्रात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कॉलर्पासारख्या हिरव्या शेवाळांच्या अर्कांवर काम झाले. म्हणजे विज्ञान पक्के आहे. प्रश्न आहे तो खडकाचा.

सिंधुदुर्गात मालवणच्या आसपास हिवाळ्यात मोठ्या ओहोटीला खडपावर उतरून पाहावे. पाणी मागे हटते तसतसा कातळावर सरगॅसमचा तपकिरी झुपकेदार थर उघडा पडतो, त्याच्या बारीक फुग्यांवर ऊन चमकते, आणि मधल्या डबक्यात उल्वाचे पोपटी पापुद्रे हलत असतात. हाताने एक झुपका बाजूला केला तर खालून बोटभर लांबीची माशांची पिल्ले, कोळंब्या, खेकड्यांची पोरे इकडेतिकडे धावतात. कालवे आणि शिंपले गोळा करणाऱ्या बायकांचे पोट याच कातळावर अवलंबून आहे. हा थर ऋतूनुसार वाढतो आणि विरतो. तो शेतासारखा दर आठवड्याला कापता येत नाही. डास मारण्यासाठी म्हणून उद्या कोणी या खडपावरून टनावारी शेवाळ खरवडायला लागला, तर डास मरतील की नाही सांगता येत नाही, पण किनाऱ्याची पाळणाघरे नक्की उजाड होतील. लागवडीचा मार्ग आहे, पण तोही बिनधोक नाही. बाहेरून आणलेले कप्पाफायकस हे शेवाळ तमिळनाडूत क्रुसडाई बेटाजवळच्या प्रवाळांवर पसरले, आणि भूमध्य समुद्रात १९८४ मध्ये मोनॅकोजवळ आढळलेल्या कॉलर्पाच्या एका जातीने पुढे मैलोगणती समुद्रतळ व्यापला. म्हणून शेवाळाचा अर्क घाऊक अळीनाशक म्हणून वापरण्याची कल्पना आपण सोडून द्यावी, असे मला वाटते. त्यातला एखादा रेणू ओळखून, त्याची नक्कल प्रयोगशाळेत घडवता आली तर ती मोठी गोष्ट होईल. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी ते कौशल्य आहे, आणि त्या कामाला मूठभर शेवाळ पुरते.

दुसरी गोष्ट ‘नैसर्गिक’ या शब्दाची. या शब्दाने आपल्याकडे तपासणीची गरजच संपते, आणि ते धोक्याचे आहे. सह्याद्रीतल्या लोकांना हे पुस्तकांशिवाय ठाऊक होते. गेळफळ ठेचून डोहात टाकले की मासे गुंगून वर येतात, रामेठ्याच्या सालीनेही तेच होते; ही मासेमारीची जुनी रीत आहे. म्हणजे जो रस अळीला मारतो तो माशालाही मारू शकतो, आणि ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ असे आपल्याच भिंतींवर लिहून ठेवलेल्या गावात, गप्पी सोडलेल्या हौदात असा अर्क ओतला, तर फुकट काम करणारा पहारेकरी आपणच मारू. सीताफळाच्या बियांची पूड डोक्यातल्या उवांसाठी लावण्याची घरगुती रीत अनेक घरांत आहे. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, हे नेत्रतज्ज्ञांना चांगले माहीत आहे. त्या बियांतली ॲसिटोजेनिन्स ही रसायने पेशीतल्या ऊर्जानिर्मितीची साखळी तोडतात, म्हणूनच अळी मरते. आणि कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर सीताफळाच्या कुळातली फळे आणि पाल्याचा काढा नेहमी घेणाऱ्या लोकांत कंपवातासारखा एक आजार अधिक दिसतो, असे १९९९ मध्ये डॉक्टरांनी नोंदवले. सीताफळ खाऊ नये असा याचा अर्थ नाही. पण त्याच्या बियांचा अर्क पिण्याच्या पिंपात घालायचा तर त्याला टेमेफॉसला लावली तीच कसोटी लावायला हवी, रतिभरही सैल नको.

घरगुती उपायांबाबत मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगतो. आमच्या परसातल्या एका पिंपात कोणाच्या तरी सांगण्यावरून कडुनिंबाच्या डहाळ्यांची जुडी टाकून ठेवली होती. आठवडाभरात पाला कुजून पाणी चहासारखे झाले आणि त्यात शेजारच्या स्वच्छ पिंपापेक्षा अळ्या जास्त होत्या. त्यात नवल नव्हते. कुजणाऱ्या पाल्यावर सूक्ष्मजंतू वाढतात, ते अळ्यांचे खाद्य, आणि पाला कुजल्याच्या वासाने अंडी घालणाऱ्या माद्या ओढल्या जातात. डास मोजण्यासाठी संशोधक जे सापळे लावतात त्यांत गवत कुजवलेले पाणी याच कारणासाठी घालतात. अर्क आणि पाला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्रातली ‘निंबाने अळ्या मरतात’ ही बातमी वाचून कोणी पिंपात पाला टाकत असेल, तर त्या बातमीने नुकसान केले, असेच म्हणावे लागेल.

एवढे सगळे असूनही मी या विषयाची बाजू सोडायला तयार नाही, आणि त्याला कारण आहे. डासांविरुद्धची आपली उत्तम हत्यारे निसर्गातूनच आलेली आहेत. पायरेथ्रम नावाच्या शेवंतीच्या कुळातल्या फुलांची पूड कीटक मारते, हे लोकांना फार पूर्वीपासून माहीत होते. जपानमध्ये त्या पुडीची अगरबत्ती आणि मग कॉइल झाली, आणि त्याच रेणूंची नक्कल करत केलेली औषधे आज मच्छरदाण्यांवर लावली जातात. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे हिवतापाचा डास ओढ्यानाल्यांत वाढतो आणि प्रत्येक ओढ्यात औषध टाकणे शक्यच नाही, तिथे माणसांना वाचवणारी मच्छरदाणी म्हणजे त्या फुलाचेच दूरचे वंशज. १९७६ मध्ये इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात मेलेल्या अळ्यांतून एक जिवाणू वेगळा करण्यात आला, त्याला आज आपण बीटीआय म्हणतो. अळीने तो खाल्ला की त्यातली प्रथिने तिचे आतडे फाडतात. माणसाला, माशाला, गुराला काही होत नाही. पश्चिम आफ्रिकेत अंधत्व आणणाऱ्या काळ्या माशीविरुद्ध मोठी मोहीम चालू होती. १९८० च्या सुमारास तिथल्या माशीच्या अळ्या टेमेफॉसला दाद देईनाशा झाल्या, तेव्हा याच जिवाणूने ती मोहीम सावरली. डबक्यातून नदीपर्यंतचे हे अंतर अवघ्या काही वर्षांत कापले गेले, कारण त्या जिवाणूच्या ताकदीचे एक ठरलेले एकक बनवले गेले, प्रत्येक पोते एका प्रमाण नमुन्याशी ताडून पाहिले गेले, आणि सार्वजनिक पैशाने क्षेत्रचाचण्या झाल्या. भारतातही पुदुच्चेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने बीटीआयचा स्वतःचा वाण तयार करून उद्योगांना दिला, आणि गोव्यात बांधकामांवरच्या साठलेल्या पाण्यात बीटीआय आणि अळीभक्षक मासे यांचे प्रत्यक्ष प्रयोग झाले. हा मार्ग आपल्याला परका नाही.

वनस्पतींच्या अर्काची एक खास जमेची बाजूही आहे. फेंग आणि आइझमन यांनी १९९५ मध्ये पिकांवर पडणाऱ्या मावा या किडीवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस पिढ्या नुसते शुद्ध ॲझाडिरेक्टिन, म्हणजे कडुनिंबातले मुख्य द्रव्य, दिलेल्या माव्यात त्याच्याविरुद्ध नऊपट प्रतिकार आला. त्याच तीव्रतेचा पूर्ण निंबोळी अर्क दिलेल्या माव्यात मात्र आला नाही. अनेक द्रव्ये एकत्र असली की कीटकाला सगळ्यांवर एकदम तोड काढणे जड जाते. प्रतिकार हीच ज्या औषधांची मुख्य अडचण आहे, तिथे ही गोष्ट सोन्यासारखी आहे. कडुनिंबाचे आणखी एक. ॲझाडिरेक्टिन अळीला तडकाफडकी मारत नाही. ते तिच्या कात टाकण्याच्या संप्रेरकांत बिघाड करते, आणि अळी कातीत अडकून काही दिवसांनी मरते. चोवीस तासांच्या मोजणीत असे औषध नापास होते, तर मासे मारणारा जहाल रस पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण होतो. आपण कोणती परीक्षा घेतो यावरून कोणता विद्यार्थी हुशार ठरतो, त्यातला हा प्रकार आहे. (अलीकडे अर्काच्या साहाय्याने चांदीचे सूक्ष्मकण बनवून मात्रा कमी केल्याचे निबंध फार येऊ लागले आहेत. चांदी पाण्यातल्या सगळ्याच जिवांना घातक असते, तेव्हा त्याला हरित म्हणणे मला पटत नाही.)

मग करायचे काय? पहिली गोष्ट, पिण्याच्या पाण्याचा हट्ट सोडावा. कडू, रंगीत, वासाचा अर्क पिण्याच्या पिंपात कोणीही ठेवून घेणार नाही, आणि त्याची सुरक्षितता सिद्ध करायला सर्वांत जास्त वेळ लागेल. पिंपाला घट्ट झाकण किंवा पातळ धोतराचे दुहेरी फडके बांधणे हेच तिथले सर्वोत्तम औषध आहे. अर्काची जागा आहे ती गटारे, तुंबलेले नाले, शोषखड्डे, टायरांचे ढीग, कारखान्यांमागची डबकी आणि बांधकामाचे खड्डे येथे, जिथे क्युलेक्स या दुसऱ्या जातीच्या डासाचे थवे वाढतात, पाणी कोणी पीत नाही आणि मासे नसतात. गढूळ, घाण पाण्यात बीटीआयचा जोर लवकर ओसरतो. त्याचा भाऊबंद असलेला दुसरा जिवाणू घाण पाण्यात चांगला टिकतो, पण कोचीमध्ये क्युलेक्सने त्याला प्रतिकार केल्याचे १९९० च्या दशकातच दिसले. म्हणजे नेमक्या याच जागी तिसऱ्या पर्यायाची निकड आहे.

दुसरी गोष्ट, झाडे तोडून अर्क काढू नये. जे उद्योगातून उरते त्यातून काढावा. वेंगुर्ल्यापासून गोव्यापर्यंत काजूचे कारखाने आहेत. काजूबीच्या टरफलात जे काळपट तेल असते, त्याने बी फोडणाऱ्या बायकांचे हात पोळतात. राख नाहीतर तेल चोळून त्या कामाला बसतात, तरी बोटांची साले निघतात. हे तेल होड्यांच्या लाकडाला लावायची रीत जुनी आहे. त्यातल्या ॲनाकार्डिक आम्लाने आणि कार्डोलने एडिसच्या अळ्या मरतात, हे ब्राझीलच्या काजूपट्ट्यातल्या, सिआरा राज्यातल्या संशोधकांनी दाखवले आहे. या तेलाला ब्रेकच्या अस्तरांच्या आणि रंगांच्या धंद्यात गिऱ्हाईक आहे, ते फुकट मिळणार नाही हे खरे. पण ते टनावारी, एकाच दर्जाचे, कारखान्यात तयार होऊन मिळते, आणि वर केलेल्या शेवाळाच्या हिशेबात जे कुठेच बसत नव्हते ते इथे बसते. पुरंदरच्या बाजूला सीताफळाचा गर काढणाऱ्यांकडे बियांचे ढीग उरतात. निंबोळी आणि करंज यांची पेंड आपल्याकडे आधीच विकली जाते. हे चार पदार्थ निवडून त्यांवरच दहा वर्षे काम करावे, चारशे वनस्पतींवर नको.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि सगळे तिथेच अडते. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे कोणतेही अळीनाशक विकायचे तर केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समितीकडे नोंदणी हवी, आणि त्यासाठी विषारीपणाच्या, टिकाऊपणाच्या, पर्यावरणावरच्या परिणामाच्या चाचण्या करून द्याव्या लागतात. ही अट योग्यच आहे आणि नैसर्गिक म्हणून ती शिथिल करावी ही मागणी मला मान्य नाही. पण पारंपरिक ज्ञानावर आपला पेटंट कायदा हक्क देत नाही, हेही योग्यच; त्यामुळे ज्याच्यावर मक्तेदारी मिळणार नाही अशा काजूतेलाच्या चाचण्यांवर कोणती कंपनी कोट्यवधी रुपये घालेल? तो खर्च समाजाने उचलायचा असतो. डेंग्यूच्या एका साथीत रुग्णालयांच्या खाटा, रक्तबिंबिका आणि बुडालेली मजुरी यांवर जे जाते, त्यापुढे तो मोठा नाही. राज्याचा आरोग्य विभाग, कृषी विद्यापीठे आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संस्था यांनी मिळून नोंदणीची कागदपत्रे तयार करावीत आणि निघालेली कृती सर्वांना खुली ठेवावी. विद्यापीठांनीही पदवीसाठी ‘नवी वनस्पती’ हा निकष सोडून, जुन्या वनस्पतीवरची उघड्यावरची चाचणी, त्यातही फसलेली चाचणी, तितक्याच मानाने स्वीकारावी. अर्क तीन दिवसांत निकामी झाला, हे कळणे हेही ज्ञान आहे, आणि आज ते कुठेच नोंदले जात नाही.

सुरुवात लहानच असावी. किनाऱ्यावरच्या एखाद्या नगरपरिषदेने जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एकाच प्रभागातली गटारे घ्यावीत. एका भागात बीटीआय, दुसऱ्यात काजूतेलापासून केलेले, ठरलेल्या तीव्रतेचे औषध, तिसऱ्यात नेहमीचे अळीनाशक, चौथ्यात फक्त गाळ काढणे, असे वाटून द्यावे. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी आरोग्य सेवकाने लांब दांड्याच्या त्याच मापाच्या पळीने प्रत्येक गटारातून दहा वेळा पाणी काढून अळ्या आणि कोष मोजावेत, आणि गटार जिथे खाडीला मिळते तिथली बेडूकपिल्ले आणि मासे यांचीही नोंद ठेवावी. कोणत्या भागात काय टाकले आहे हे मोजणाऱ्याला सांगू नये. आणि दर सोमवारी ते आकडे नगरपरिषदेच्या फलकावर खडूने लिहावेत, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी.